नाव पोचवणारे खोदाराम काका

दुभाष्याने कसं असू नये याचा नमुना पाहायचा असेल, तर खोदाराम काकांना कोर्टात पाहायला हवं होतं. दुभाष्याने आरोपीचं बोलणं कोर्टाला सांगायचं, कोर्टाचं आरोपीला सांगायचं आणि मधल्या वेळात गप्प बसायचं. पहिल्या दोन गोष्टी काकांना उत्तम जमायच्या. तिसरी त्यांच्या रक्तातच नव्हती.

एकदा न्यायाधीशांनी एका खलाशाला विचारलं, "पोत्यांत काय आहे ते तुला माहीत होतं का?" काकांनी प्रश्न फारसीत सांगितला, खलाशाने उत्तर दिलं, आणि काका कोर्टाला म्हणाले, "साहेब, हा नाही म्हणतो. पन खोटा बोलतो. त्याचे कान लाल झाले." सरकारी वकील तोंडावर फाईल धरून हसले. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि दुभाष्याचं काम काय असतं ते काकांना पुन्हा एकदा समजावून सांगितलं. काका शाळकरी पोरासारखी मान हलवत होते. बाहेर पडल्या पडल्या माझा दंड धरून म्हणाले, "डाक्टर, पन कान लाल झाले ते तू बी बघितला ने?"

मी बघितले होते. मी डॉक्टर आहे, पण गुरांचा. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक होती आणि डहाणूहून कोसबाडकडे जाताना रस्त्याला लागून काकांची चिकूची वाडी. त्यांच्या गाई क्वचितच आजारी पडत आणि काका मला फार वेळा बोलावत. गेलं की आधी झाडाखाली खुर्ची, मग खिशातला चाकू. चिकूची फोड कापून चाकूच्या पात्यावरच पुढे करायचे. हाताने घेतलेली त्यांना चालत नसे. पात्यावरून तोंडानेच उचलायची. नवख्या माणसाची त्यात भंबेरी उडायची आणि काका खूश व्हायचे.

त्यांचे आजोबा इराणातल्या यज्दजवळच्या खेड्यातून इकडे आले. आईही पुढे लग्न होऊन तिकडूनच आली. काकांचा जन्म मात्र डहाणूचा. खोदाराम हे इराणी जमातीतलं जुनं नाव, पण तलासरीकडून वाडीत कामाला येणारी माणसं त्यातला 'राम' तेवढा ऐकायची आणि रामनवमीला त्यांना नारळ आणून द्यायची. काका तो कपाळाला लावून घ्यायचे. व्यापाऱ्यांशी गुजराती, मजुरांशी मराठी आणि वारलीची मिसळ, सरकारशी इंग्रजी आणि गाईंशी फारसी, अशी त्यांची वाटणी होती. म्हशीला मराठी समजते, गाईला समजत नाही, असं त्यांचं ठाम मत. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. आणि कोणी काहीही सांगितलं की एकच शब्द: "पछी?" म्हणजे, पुढे काय झालं? मी बदलीचा अर्ज केला असं सांगा, पछी? बायको माहेरी गेली, पछी? गोष्ट अर्धवट सोडलेली त्यांना खपत नसे.

आई गेल्यावर काकांची फारसी गाईंपुरती उरली होती. एके वर्षी समुद्रात एक गलबत पकडलं गेलं. मासेमारीच्या जाळ्यांखाली हेरॉइनची पोती आणि वर इराणच्या किनाऱ्यावरचे बलुच खलाशी. मुंबईत त्यांचा खटला उभा राहिला, तेव्हा फारसी जाणणारा माणूस मिळेना. कोणाला तरी डहाणूच्या इराण्यांची आठवण झाली आणि अमली पदार्थ रोखणाऱ्या खात्याचे दोन अधिकारी वाडीत येऊन बसले. त्यांनी पात्यावरून चिकू खाल्ले, देशसेवेचं सांगितलं. काकांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, "मी येतो. गर्दने माझ्या घरातला मानूस खाल्ला."

हे मी स्वतः पाहिलेलं. किनाऱ्यावरच्या आगरच्या एका मासे सुकवणाऱ्या बाईचा जावई गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्याच, नादाला लागला. चांगला उंचापुरा, बोटीवर जाणारा माणूस. बाई रडत वाडीत आली, तेव्हा काकांनी त्याला झाडांना पाणी द्यायच्या कामावर ठेवून घेतलं, आपल्या ताटात जेवायला बसवलं. काही महिने बरा होता. मग एका सकाळी वाडीतल्या पाण्याच्या टाकीच्या मागे मेलेला सापडला. काकांनी त्याला उचलताना दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्या टाकीचं पाणी पुढे ते स्वतः कधी प्यायले नाहीत. त्यामुळे या व्यापाराला आळा घालणारं कोणीही, कुठल्याही देशाचं, त्यांना आपलं वाटायचं. याबाबतीत ते अगदी भाबडे होते, आणि हे लिहिताना मला त्यांचा राग येतो.

एकट्याने जीप मुंबईपर्यंत हाकायला काकांची नजर साथ देत नव्हती, म्हणून तारखेला मी बरोबर असायचो. तिथेच आम्ही नबीबख्शला पाहिला. गलबतावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. पन्नाशीकडे झुकलेला, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. बाकीचे खलाशी काकांशी भीत भीत बोलायचे. याने पहिल्याच दिवशी विचारलं की इथल्या तुरुंगात डाळीत हळद एवढी का टाकतात. काकांनी हेही न्यायाधीशांना भाषांतर करून सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, हे रेकॉर्डवर घ्यायची गरज नाही.

कोर्ट सुरू व्हायची वाट पाहत तासन्‌तास बाहेरच्या बाकावर बसावं लागे. पोलीस ओळखीचे झाले होते. काका भंडाऱ्याच्या शेजारी बसून बोलायचे आणि मला मधून मधून मराठीत सांगायचे. त्याचं गाव, समुद्राकडे पाठ करून बांधलेलं घर, बायको मरियम, तीन मुली. घरी कोणाला तो जिवंत आहे हेच माहीत नाही. एक दिवस परतीच्या वाटेवर मनोरला त्यांनी मला जीप बाजूला घ्यायला लावली. मग म्हणाले, "डाक्टर, तो तिथे होता."

पोती गलबतावर चढली त्या संध्याकाळी नबीबख्श खाडीत चूल पेटवून सगळ्यांना चहा देत होता. कोण मालक, कोणाची गाडी, कोणी पोती मोजून दिली, सगळं त्याने पाहिलं. समजलंही. पण घरी तीन मुली, आणि त्या मोसमात दुसरं गलबत मिळत नव्हतं. तो चढला. वकिलाने त्याला बजावलं होतं की हे कोर्टात बोलू नकोस. काकांना त्याने ते केवळ आपलं मन हलकं व्हावं म्हणून सांगितलं.

"पछी?" मी त्यांचाच शब्द त्यांना दिला.

"पछी काय? कोर्टाने मला विचारला तर मी सांगेन. कोर्ट मला नाय विचारत. मी दुभाषी आहे."

तेवढ्या एका बाबतीत त्यांनी दुभाष्याचा नियम पाळला. तोंड गच्च मिटून ठेवलं. मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं.

देवली वाडीतली जुनी बाई. तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. चिकू उतरवायला येणाऱ्या बायांची ती मुकादम आणि काकांना तोंडावर बोलण्याचा हक्क फक्त तिचा. काका कोर्टातून आले की तिला सगळं सांगत. भंडाऱ्याच्या घरी काही माहीत नाही हे ऐकल्यावर तिने टोपली खाली ठेवली.

"शेट, तेचा नाव पोचवा."

"कोणाला पोचवू?"

"तेचे सरकारला. माना भाऊस तसाच आला."

तिचा भाऊ गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. तलासरी-डहाणूकडची माणसं अशी मोसमाला जातात. बोट हद्द ओलांडून पलीकडच्या देशात गेली आणि सगळे पकडले गेले. कितीतरी वर्षं पाड्यावर कोणाला पत्ता नव्हता. मग दोन्ही देशांनी एकमेकांकडच्या कैद्यांची नावं कळवली, त्यात याचं नाव आलं, आणि मग तो आला. बरोबरच्या एका खलाशाचं नाव कोणीतरी चुकीच्या गावावर घातलं, तो राहिला तो राहिलाच. त्यामुळे त्या सगळ्या पाड्यांवर एक पक्की समजूत आहे: परक्या तुरुंगातल्या माणसाला दुसरं काही लागत नाही, आपल्या सरकारपर्यंत नाव पोचावं लागतं. देवली म्हणाली, "नाव पोचला तं मानूस येतो. नाय पोचला तं तिठंच माती."

काकांना हे पटलं. मलाही पटलं. आमच्या भागात यात न पटण्यासारखं काही नाही.

संधी आपणहून चालत आली. समुद्रातल्या या व्यापाराविरुद्ध आजूबाजूच्या देशांच्या अधिकाऱ्यांची संयुक्त बैठक मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात भरली आणि खात्याने दुभाषी म्हणून काकांना बोलावलं. काकांनी लग्नातला कोट काढला. बरोबर चिकूची करंडी घेतली. हॉटेलच्या दारावर करंडी यंत्रातून घालायला सांगितली, तेव्हा काका शिपायाला म्हणाले, "नीट बघ हां, आत काळ्या बिया आहेत."

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. भाषणं लांबलचक झाली. समुद्राला कुंपण नसतं, गुन्हेगाराला देश नसतो, एकाला कळलं ते दुसऱ्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे. एका पाहुण्याने टेबलावर बोट आपटत सांगितलं, "दोन देशांच्या मधल्या फटीतून एकही माणूस निसटता कामा नये." काकांनी ते वाक्य खणखणीत आवाजात इंग्रजीत आणलं. टाळ्या पडल्या. काकांचा चेहरा फुलून आला होता. टाकीमागचा तो माणूस त्यांना आठवत असणार.

चहाच्या वेळी इराणच्या अधिकाऱ्याशी ओळख निघाली. तो यज्दचाच. काकांच्या आईचं खेडं त्याला माहीत होतं, तिथला पाण्याचा जुना भुयारी पाट अजून वाहतो म्हणाला. मग काय, काका विरघळले. चाकू बाहेर आला. त्या गृहस्थाने कोट सांभाळत पात्यावरून फोड इतक्या सफाईने उचलली की काकांनी त्याला मिठीच मारली. दोघं खिडकीपाशी उभे राहून बराच वेळ बोलले. तो मधून मधून मोबाईलमध्ये काही लिहून घेत होता, नम्रपणे मान लववत होता.

परतताना चारोटीला आम्ही जेवायला थांबलो. काका दोन माणसांचं जेवले.

"पोचवला," ते म्हणाले. "नाव, गाव, बायको, सगळा. भला मानूस आहे, डाक्टर. माझ्या आईच्या गावचा. त्याला विश्वास वाटावा म्हणून मी सगळा पहिल्यापासून सांगितला. खाडी, चहा, मालक कोण, गाडी कोणाची. बोललो, या गरिबाने बघितला खरा, पन हात नाय लावला. तो बोलला, फिकीर करू नका, याला आम्ही विसरणार नाही."

पुढच्या वर्षी निकाल लागला. गलबताचा नाखवा आणि आणखी तिघं यांना शिक्षा झाली. नबीबख्शला पोत्यांची माहिती होती हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही, तो सुटला. निकाल त्याला फारसीत काकांनीच सांगितला. तो खाली बसला आणि आपल्या अर्ध्या बोटांनी काकांचे बूट धरले. परदेशी माणूस, सुटला तरी इथे राहू शकत नव्हता. त्याच्या सरकारकडून कागद येईपर्यंत काही दिवस पोलिसांच्या ताब्यात ठेवून मग विमानाने परत पाठवायचं ठरलं. एरवी अशा कागदांना वर्षं लागतात. त्याचे चटकन आले. देवलीने वाडीत सगळ्यांना गूळ वाटला. काकांनी त्याला आपला लोकरीचा स्वेटर दिला, मुलींसाठी डहाणूच्या बाजारातून बांगड्या दिल्या, आणि आपला फोन नंबर दिला. पोचलास की फोन कर, असं दहा वेळा बजावलं.

त्याचा फोन आला नाही. बरेच दिवस काका खिशातला मोबाईल बाहेर काढून चालू आहे ना ते बघायचे.

फोन आला तो मरियमचा. मी तिथेच होतो. गाय अडली होती, दुपारची वेळ. काका फोनवर आधी आनंदाने ओरडले, "मरियम!" मग नुसतं ऐकत राहिले. गायीचं वासरू बाहेर आलं, उभं राहिलं, तरी ते ऐकतच होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते असं. नबीबख्श घरी पोचलाच नाही. विमानतळावरूनच त्याला तिकडच्या पोलिसांनी नेलं. पोती चढवणाऱ्या टोळीचा खटला तिकडेही चालू होता. तो काही बोलेना, तेव्हा त्यांनीच त्याला सगळं सांगितलं: तू खाडीत चूल कुठे पेटवली होतीस, चहा कोणाकोणाला दिलास, गाडी कोणाची होती. त्याला वाटलं, यांना सगळं माहीतच आहे, मग लपवून काय करू. त्याने हो म्हटलं. तिकडे या गुन्ह्याला फाशी आहे. ती सुनावलीही होती, फक्त वरच्या कोर्टाचा शिक्का बाकी होता.

"पछी?" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. काकांनीच पुढे सांगितलं.

मरियमला नवऱ्याने तुरुंगातून निरोप दिला होता. हिंदुस्थानात एक भला म्हातारा आहे, त्याची मोठ्या माणसांशी ओळख आहे. मागे त्यानेच माझं नाव वर पोचवलं म्हणून सुटलो. त्याला सांग, पुन्हा एकदा माझं नाव पोचव.

काका वासराकडे बघत होते. म्हणाले, "डाक्टर, ही बाई माझे आभार मानते."

मी त्यांना समजावलं. तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत, त्या अधिकाऱ्याला दुसरीकडूनही कळलं असतं, वगैरे. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. त्या अधिकाऱ्याला शिव्या घालाव्यात तर त्याने काही लबाडी केली नव्हती. बैठकीत जे ठरलं तेच त्याने केलं. हातात हात घालून काम करणाऱ्या त्या सगळ्या देशांमध्ये नबीबख्श नावाचा एक भंडारी होता, आणि त्याला कोणीही विसरलं नाही.

काकांनी खटपट केली. बैठकीतल्या त्या गृहस्थाला फोन लावले. तो दुसऱ्या खात्यात गेला होता आणि अतिशय अदबीने बोलला. दिल्लीला गेले. इथल्या खात्याने सांगितलं, आमचा खटला संपला, तुमची सेवा आम्ही विसरणार नाही. ते 'विसरणार नाही' ऐकून काका तिथेच खुर्चीत बसले म्हणे. देवलीला मात्र त्यांनी काही कळू दिलं नाही. तिला वाटायचं तो मुलींना बांगड्या भरून सुखात असेल.

मरियम दर शुक्रवारी दुपारी फोन करायची. काही हालचाल आहे का, एवढंच विचारायची. काका प्रत्येक वेळी सांगायचे, प्रयत्न चालू आहेत. खरं सांगायचं ठरवून ते फोनजवळ बसत आणि फोन वाजला की तेच सांगत. फोन ठेवल्यावर वाडीत शिरत आणि बराच वेळ दिसत नसत. त्या काही महिन्यांत ते इतके वाळले की पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली.

माझी बदली झाली आणि निरोप घ्यायला मी वाडीत गेलो, तो शुक्रवार होता. नंतर काका फार दिवस राहिले नाहीत, त्यामुळे ती आमची शेवटची भेट. अंगणात सरकारी गाडी उभी होती. आणखी एक गलबत पकडलं होतं, आणखी खलाशी, आणि खात्याचे तेच दोन अधिकारी दुभाषी न्यायला आले होते. काका खुर्चीत बसले होते. समोर करंडीत चिकू होते, पण चाकू बाहेर आला नव्हता.

"काका, उद्याच रिमांड आहे," थोरला अधिकारी म्हणत होता. "तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

"मला येत नाय," काका म्हणाले.

"तब्येतीचं असेल तर गाडी पाठवतो."

"तब्येत नाय. फारसी. मला फारसी येत नाय."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. धाकटा म्हणाला, "काका, दोन वर्षं आम्ही ऐकली की तुमची फारसी."

"चूक झाली तुमची. येत नाय मला."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. काकांनी तो कानाला लावला. पलीकडचा बाईचा आवाज मलाही ऐकू येत होता, बारीक, ओळखीच्या माणसाशी बोलताना असतो तसा. ती काही विचारत होती, थांबत होती, पुन्हा विचारत होती. अधिकारी काकांकडे बघत होते. फारसी येत नाही म्हणणाऱ्या माणसाला आता बोलावं लागणार, असं त्यांना वाटत असावं. काकांनी डोळे मिटले आणि वाडीतल्या बायांशी बोलायचे त्या मराठीत, अगदी सावकाश, एक एक शब्द सुटा करून ते बोलले.

"बाई, मी सांगितला त्यांना. खाडीचा, चहाचा, सगळा. दुसऱ्या कोणी नाय. मीच."

मरियमला मराठीतलं एक अक्षर कळलं नसणार. तिला वाटलं असावं की लाइन नीट लागत नाही. ती मोठ्याने "अल्लो, अल्लो" करत राहिली.